बाळाचा मेंदू घडवायचाय? खेळणी नंतर, आधी डोळे आणि कान तपासून घ्या

नाशिकच्या कॉलेज रोडला कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात जा, "ब्रेन डेव्हलपमेंट" लिहिलेला एक अख्खा रॅक असतो, काळेपांढरे फ्लॅशकार्ड, गाणारे दिवे, इंग्लिश बोलणारे टेडी, आणि नवीन आईबाप तिथे उभे राहून फोन करतात की यातलं कुठलं घेऊ. मला पण असे फोन येतात, कारण माझ्या भाचीच्या डोळ्याच्या ट्रीटमेंटमुळे मी या विषयात बरंच वाचलंय आणि आमच्या इंदिरानगरमध्ये ते सगळ्यांना माहितीये. माझं उत्तर दरवेळी एकच असतं, सध्या काही घेऊ नका, आधी सांगा की बाळाचे डोळे आणि कान तपासलेत का.

असं का म्हणते ते सांगते. बाळ जन्मतं तेव्हा मेंदूतल्या पेशी जवळजवळ सगळ्या तयार असतात पण त्यांच्या एकमेकींशी जोडण्या कच्च्या असतात. पहिल्या वर्षात या जोडण्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात, बघण्याचं काम करणाऱ्या भागात तर साधारण आठव्या महिन्याच्या आसपास त्या सगळ्यात दाट असतात, आणि मग पुढची काही वर्षं ज्या वापरात आहेत त्या पक्क्या होत जातात आणि ज्या वापरात नाहीत त्या गळतात. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल, ऑक्टोबर छाटणीची वेळ गेली की मग कितीही खत-पाणी घाला, तो हंगाम हातचा जातो, फरक एवढाच की इथे कात्री कुणाच्याच हातात नसते, बाळ काय बघतं, काय ऐकतं, त्याला कोण जवळ घेतं यावरून मेंदूच ठरवतो काय ठेवायचं.

हे कुणाचं मत नाहीये बरं का. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी १९६३ च्या सुमाराला मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले, जन्मल्यावर एका डोळ्याची पापणी काही आठवडे शिवून बंद ठेवली आणि नंतर उघडली. डोळा एकदम चांगला होता, पडदा चांगला, सगळं चांगलं, पण पिल्लाला त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसेना, कारण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसादच देत नव्हत्या, त्या सगळ्या उघड्या डोळ्याकडे गेल्या होत्या. मोठ्या मांजराचा डोळा त्याहून जास्त दिवस बंद ठेवला तरी असं काही झालं नाही. आणि मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे दोन्ही डोळे बंद ठेवले तेव्हा नुकसान वाटलं होतं तितकं झालं नाही. म्हणजे नुसता न वापरण्याचा प्रश्न नाहीये, दोन डोळ्यांची जागेसाठी स्पर्धा चालते आणि ज्याच्याकडून स्पष्ट चित्र येतं तो दुसऱ्याची जागा घेतो. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. तुमच्या मुलाच्या एका डोळ्याला मोठा नंबर असेल आणि दुसरा डोळा चांगला असेल तर त्याच्या डोक्यात नेमकं हेच चालू असतं, आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

तर डोळ्यांपासून सुरुवात करू.

डिस्चार्जच्या आधी बाळाच्या डोळ्यात टॉर्चसारख्या यंत्राने उजेड टाकून लाल चमक बघतात, त्याला रेड रिफ्लेक्स म्हणतात, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते झालं का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि फाइलमध्ये लिहून घ्या. जन्मतः मोतीबिंदू असेल तर तो यातच सापडतो आणि दाट मोतीबिंदूचं ऑपरेशन पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत झालेलं चांगलं, "मोठं होऊ दे मग बघू" हे इथे चालत नाही. बाळ ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल किंवा वजन २ किलोच्या आत असेल तर डोळ्याच्या पडद्याची वेगळी तपासणी लागते, आरओपी म्हणतात, आणि ती जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. एनआयसीयूमधून, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूमधून, घरी आल्यावर घरात इतकी गडबड असते, पाहुणे, बारसं, बाळंतिणीचं खाणंपिणं, की ही तारीख राहून जाते, म्हणून बाळाच्या बाबाच्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, आईच्या नको, तिला झोपू द्या.

घरी काय बघायचं? दीड-दोन महिन्यांचं बाळ तोंडाकडे बघून हसायला लागतं, तीन महिन्यांपर्यंत समोरून हलवलेल्या वस्तूमागे नजर फिरवतं. पहिले तीन-चार महिने डोळे अधूनमधून तिरळे वाटले तर घाबरू नका, पण त्यानंतरही तिरळेपणा दिसत असेल, किंवा आधीपासूनच एकच डोळा कायम तिरळा असेल, तर दाखवा, तिरळेपणा भाग्याचा असतो वगैरे ऐकत बसू नका. खेळताखेळता एकदा उजवा डोळा हाताने झाका, एकदा डावा. एक झाकल्यावर बाळ चिडतं, हात बाजूला करतं आणि दुसरा झाकल्यावर त्याला काहीच फरक पडत नाही, असं परत परत होत असेल तर एका डोळ्याने कमी दिसत असण्याची शक्यता असते. आणि फ्लॅश मारून काढलेले फोटो नीट बघा, एका डोळ्यात लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, कारण त्यामागे मोतीबिंदू असू शकतो आणि क्वचित डोळ्यातला ट्यूमर पण असतो. काजळ घालू नका एवढंच म्हणेन, काही काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे आणि शिसं मेंदूला वाईट, आजीला वाईट वाटत असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावू दे.

शाळेत टाकायच्या आधी, साडेतीन-चारच्या सुमाराला, एकदा डोळे तपासायचेच, तक्रार असो वा नसो. मूल तक्रार करतच नाही कारण त्याला एका डोळ्याने छान दिसत असतं. माझ्या भाचीचं असंच कळलं. चष्मा लागला आणि सोबत पॅच, म्हणजे चांगला डोळा रोज ठराविक वेळ झाकायचा आणि आळशी डोळ्याला, म्हणजे ज्याने कमी दिसतं त्याला, कामाला लावायचं, म्हणजे वर सांगितलेली ती स्पर्धा उलटी फिरवायची.

पॅच लावणं सोपं नाही, घरात रडारड होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. किती तास ते डॉक्टर ठरवतील, डोळा मध्यम आळशी असेल तर रोज दोन तासांनी सहा तासांइतकाच फायदा होतो असं मोठ्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळे "जास्त लावलं की लवकर बरं" असं स्वतःच्या मनाने करू नका, उलट चांगला डोळा जास्त झाकला तर तोच कमजोर व्हायची भीती असते, म्हणून फॉलोअप चुकवायचा नाही. पॅच कातडीवर चिकटवायचा, चष्म्याच्या काचेवर नको, मुलं बाजूने बघतात आणि आपल्याला कळत पण नाही. त्या वेळात जवळचं बारीक काम द्या, मोती ओवणं, रंगवणं, तांदळातले खडे निवडणं, आमच्याकडे शेंगा सोलायचं काम सगळ्यात हिट होतं. रोज तीच वेळ ठेवा. आणि शाळेत कुणी चिडवत असेल तर टीचरशी आधीच बोलून ठेवा, बऱ्याच टीचर समजून घेतात. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर रिझल्ट सगळ्यात चांगला, पण सात ते बारा वयातल्या बऱ्याच मुलांना पण फायदा होतो, तेव्हा उशिरा कळलं म्हणून सोडून देऊ नका.

आता कान, इथे लोक जास्त फसतात.

ताट वाजवलं, बाळ दचकलं, म्हणजे ऐकू येतं, ही टेस्ट प्रत्येक घरात होते आणि ती भरवशाची नाही. बाळ हवेच्या झोताने दचकतं, हादऱ्याने दचकतं, तुमचा हात हललेला बघून दचकतं, आणि एकाच कानाने ऐकत असेल तरी दचकतंच. शिवाय ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने "आऽऽ, ऊऽऽ" करतं, त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही. फरक पडतो तो पुढे, सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ऐकणारं बाळ "बाबाबा, दादादा" असं लागोपाठ बोलायला लागतं आणि ऐकू न येणाऱ्या बाळाचं ते खूप लांबतं.

म्हणून मशीनची टेस्ट. ओएई नावाची टेस्ट असते, झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. दोन्ही कानांची झाली का विचारा. बाळ एनआयसीयूत राहिलं असेल, कावीळ खूप वाढली होती, किंवा घरात कुणी लहानपणापासून बहिरं असेल तर बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट, पण करून घ्या, कारण कधीकधी कान चांगला असतो आणि पुढची नस संदेश नीट नेत नाही, ते ओएईत सापडत नाही. लक्षात ठेवायला १-३-६, पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत कानाचं मशीन किंवा जी काही ट्रीटमेंट असेल ती सुरू. हजारात एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा ऐकण्याचा दोष असतो, हा आकडा लहान वाटतो पण रोज किती बाळंतपणं होतात विचार करा.

घाई कशाला, तर पुन्हा तेच, मेंदूतला ऐकण्याचा भाग रिकामा बसत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, साडेतीन वर्षांच्या आत झालं तर मेंदूचा आवाजाला प्रतिसाद बहुतेक मुलांत वयाप्रमाणे होतो, सात वर्षांनंतर पहिल्यांदा झालं तर तसा होणं अवघड असतं. "मुलगे उशिरा बोलतात", "याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता", ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकलीत आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, कारण त्या वाक्यात एक-दीड वर्ष सहज निघून जातं. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर पहिली टेस्ट कानाची, बाकी सगळं नंतर. इम्प्लांट असो नसो, खाणाखुणांची भाषा लवकर सुरू करायला पण काही हरकत नाही, मूकबधिर आईबापांची बाळं हातांनी बोबडं बोलतात असं १९९१ मध्ये संशोधकांनी दाखवलंय, मेंदूला भाषा हवी असते, ती कानातून येते की डोळ्यातून हे नंतरचं.

थंडीत नाशिकमध्ये सर्दी-खोकला घरोघरी असतो, त्यात मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं, महिनोन् महिने राहिलं तर बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. कोमट तेल, लसणाचं तेल कानात घालू नका, झोपवून बाटलीने दूध पाजू नका. आणि ढोल. आपल्या नाशिक ढोलाचा मला पण अभिमान आहे, पण मिरवणुकीत बाबाच्या खांद्यावर सहा महिन्यांचं बाळ, समोर पथक, हे बघवत नाही. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे तो आवाज बाळासाठी जास्तच आहे, लांब न्या किंवा मुलांचे इअरमफ घाला, कापसाचा बोळा पुरत नाही.

डोळे-कान उघडे आहेत हे एकदा कळलं की पुढचं काम घरातच होतं आणि फुकट होतं. इथे मला एक अभ्यास फार आवडतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्लिश घरांमधल्या बाळांना आपले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हीतला फरक कळत होता, जो त्यांच्या आईबापांना कळत नव्हता! दहा-बारा महिन्यांची झाली तोवर बहुतेक बाळांचं ते गेलं, कारण आजूबाजूला तो फरक करणारं कुणी बोलतच नव्हतं. म्हणजे पहिल्या वर्षात बाळाचा कान कुठल्याही भाषेसाठी तयार असतो आणि वर्षाअखेरीपर्यंत घरातल्या भाषेवर स्थिर होतो. दुसरा अभ्यास पॅट्रिशिया कुल यांचा, २००३ चा, अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं दाखवली, आणि बाळांना चिनी आवाज ओळखता यायला लागले, पण तेच टीव्हीवर किंवा नुसतं स्पीकरवर ऐकवलं तर काहीच शिकली नाहीत. माणूस लागतो, बाळाकडे बघणारा, बाळ बघेल तिकडे बघणारा.

तर करायचं काय, सटाण्याची आजी आली असेल तर तिला अहिराणीत बोलू द्या, "याला गावठी भाषा नको" म्हणून अडवू नका, शेजारच्या भाभी हिंदीत बोलतात तर बोलू द्या, मूल गोंधळत नाही. आंघोळ घालताना काय करताय ते सांगत राहा, आता पाय, आता पाणी, आता टॉवेल. आणि बोलून झालं की थांबा, बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो, ते हुंकार देईल, पाय हलवेल, मग तुम्ही परत बोला. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पण सांगते, गावी असलेल्या बाबाचा व्हिडिओ कॉल चालेल, त्यात समोरून माणूस उत्तर देतो. पोटातल्या बाळाला मोझार्ट ऐकवायची पण गरज नाही, तो १९९३ चा अभ्यास कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता. तुमचा आवाज त्याला आधीच ओळखीचा आहे, जन्मल्यावर दोन-तीन दिवसांतच बाळ आईचा आवाज दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा पसंत करतं.

स्पर्शाबद्दल थोडक्यात. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरायचं, कांगारू केअर, हे १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झालं आणि आज सगळीकडे करतात, बाबा पण करू शकतो, आजी पण. मालिश हलक्या हाताने, बाळ तोंड फिरवतंय, हात ताठ करतंय, रडतंय तर थांबायचं, जास्त म्हणजे चांगलं असं नाही. जमिनीवर सतरंजी टाकून पोटावर झोपवा, जागं असताना आणि कुणी समोर असताना. वॉकर नको, त्याने चालणं लवकर येत नाही आणि अपघात होतात, कॅनडाने २००४ पासून विकायलाच बंदी घातलीये. एक-दीड वर्षाचं झालं की ओली माती, ज्वारीचं पीठ, सोमेश्वरला नेलं तर गवतावर अनवाणी, एवढं भरपूर झालं. आणि रोमानियातल्या अनाथाश्रमांतल्या १३६ मुलांचा अभ्यास आठवून सांगते, तिथे खायला मिळत होतं पण जवळ घेणारं, बोलणारं ठराविक माणूस नव्हतं, त्यातली काही मुलं कुटुंबात गेली आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची प्रगती बहुतेक बाबतीत जास्त चांगली झाली. म्हणून बाळाला सांभाळायला बाई ठेवणार असाल तर दर महिन्याला बदलू नका.

चव पण लवकर सुरू होते, गरोदरपणात किंवा दूध पाजताना आईने गाजराचा रस प्यायला तर बाळ पुढे गाजराची चव पटकन स्वीकारतं असं २००१ मध्ये दिसलं होतं, तेव्हा बाळंतिणीला नुसतं फिकं खायला घालू नका, मेथी, शेपू, लसूण सगळं चालतं. सहा महिन्यांनंतर एखादी भाजी थुंकली तर आठ-दहा वेळा परत द्या. द्राक्षं मात्र अख्खी कधीच नाही, पाच वर्षांपर्यंत उभी चार फोडी करूनच, घशात अडकतात.

आता हे सगळं लक्षात कसं ठेवायचं, तर लसीकरणाच्या कार्डाला जोडा. दीड महिन्याच्या लसीला गेलात की रेड रिफ्लेक्स आणि ओएई झालं का विचारा, बाळ बघून हसतं का ते सांगा. साडेतीन महिन्यांच्या लसीला, नजर वस्तूमागे फिरते का, आणि ओएईत शंका आली होती तर बेरा झाली का. नवव्या महिन्याला, हाक मारली की वळतं का, "बाबाबा" करतं का. दीड वर्षाच्या बूस्टरला, बोट दाखवून मागतं का, काही शब्द आहेत का. लस बिटको हॉस्पिटलमध्ये घ्या, झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये घ्या की प्रायव्हेटला, प्रश्न हेच.

काही शंका निघाली आणि खर्चाची भीती असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेत, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढची ट्रीटमेंट मोफत आहे, त्यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तारीख अंगणवाडी ताईंना विचारा, आणि जिल्हा पातळीवर मुलांसाठी डीईआयसी नावाचं सेंटर असतं, त्याची चौकशी सिव्हिलमध्ये करा. कानासाठी मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. इम्प्लांटच्या सरकारी योजनांना वयाची अट असते, म्हणून कागद आधी जमवा, जन्मदाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

आणि ज्यांची मुलं मोठी झालीत आणि हे वाचून धसका बसलाय त्यांच्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाशमध्ये भारतातल्या जन्मतः न दिसणाऱ्या मुलांची उपचारांची सोय केली, त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास २०११ मध्ये आला. ऑपरेशन झाल्या झाल्या त्यांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी बघून ओळखता येत नव्हती, पण काही दिवसांतच यायला लागली. बारीक दिसणं पूर्ण आलं नाही, पण माणसं ओळखणं, एकट्याने फिरणं, हे बऱ्याच मुलांना जमायला लागलं. तेव्हा मूल सात वर्षांचं असो की बारा, डॉक्टरने "आता उपयोग नाही" म्हटलं तर दुसऱ्या, फक्त मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरचं मत घ्या, आणि जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या.